चोवीस घरांचा धूर

१९८३ च्या डिसेंबरात, एका गुरुवारी सकाळी, भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात बपेऱ्याच्या पुढे एका टेकाडावर बांधलेल्या चोवीस घरांची सरकारी पाहणी झाली. एकोणीस नंबरच्या घरासमोर नथू गोमा मेश्राम हे नाव पुकारलं गेलं आणि 'हाव', म्हणजे हो, असं उत्तर आलं. पंचनाम्यात त्या नावापुढे 'हजर' असं लिहिलं आहे. नथू गोमा त्याआधी जवळजवळ दीड वर्ष नदीत बेपत्ता होता.

मी त्या वेळी तिथे होतो. पुण्याच्या एका दैनिकासाठी पूरग्रस्तांच्या घरांबद्दल लिहायचं, म्हणून गेलो होतो. वृत्तान्त छापून आला तेव्हा त्यात एकोणीस नंबरचं घर नव्हतं, जागा नव्हती. ते इथे लिहितो आहे. गावाचं नाव देत नाही, कारण प्रकरण बंद झालेलं नाही.

रविवार, जवाहरनगर

भंडारा रोड हे स्टेशन भंडाऱ्यात नाही, वरठीला आहे. उतरल्यावर बाहेर सायकलींची रांग दिसते, शहर दिसत नाही. तिथून मी आधी जवाहरनगरला गेलो. माझ्या मित्राचे थोरले भाऊ वसंतराव तिथल्या सरकारी दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरीला होते आणि क्वार्टरमध्ये राहत होते.

क्वार्टरच्या रांगा सरळ होत्या. दारावर नंबर, नळाला पाणी, कोपऱ्यावर बसचा थांबा. संध्याकाळी रस्त्यावरचे सगळे दिवे एकाच क्षणी लागले. वसंतराव म्हणाले, "इथे घर मागावं लागत नाही. नंबर येतो. मालक एकच, दिल्ली."

जेवायला भात, वरण, पोपटीच्या शेंगांची भाजी आणि पुन्हा भात होता. पुण्याच्या सवयीने मी पोळी आहे का विचारलं. वहिनींनी काळजीने पाहिलं. "काहून, पोट बिघडलं का?" इकडे धान पिकतं, पोळी ही आजाऱ्याची किंवा सणाची.

मी कुठे निघालो आहे ते सांगितल्यावर वसंतराव जेवायचे थांबले. त्यांच्या खात्यातला एकजण त्या बाजूचा होता. तो त्या टेकाडाच्या वाटेने संध्याकाळचा जात नसे.

"का?"

"धूर असतो म्हणतो. माणूस नसतो."

सोमवार, तुमसर ते टेकाड

तुमसरला पटवारी चकोले भेटले. आपण ज्याला तलाठी म्हणतो त्याला इथे पटवारीच म्हणतात. चाळिशीचे, कोरडे विनोद करणारे गृहस्थ. हॉटेलच्या बाकावर दप्तर मांडीवर ठेवून त्यांनी मला प्रकरण समजावलं.

"पाहा साहेब. पुरात नदीकाठची टोली, आख्खी वस्ती, वाहून गेली. घरं द्याची मंजुरी मुंबईची. बांधली कोनं, जिल्हा परिषदेनं. कोनाले द्याची, थो ठराव ग्रामपंचायतीचा. जागा महसुलाची, म्हंजे माही. इथपर्यंत सब ठीक हाय."

"मग?"

"माह्या सातबाऱ्यावर त्या जागेले लिवलं हाय झुडपी जंगल. अन् ऐंशी सालच्या कायद्यापासून जंगलाची जागा दुसऱ्या कामाले द्याची त दिल्लीची परवानगी लागते."

"तिथे झाडं आहेत?"

"एक बोर हाय. थे बी घरं बांधल्यावर उगवली."

"परवानगी मागितली होती का?"

"मागतली न. पह्यले घरं बांधली, मंग मागतली." चकोल्यांनी चहा बशीत ओतला. "मंत्री आले, फीत कापली, चाव्या वाटल्या, सह्या-आंगठे झाले. आठ दिवसांनं जंगल खात्याची चिठ्ठी आली, आत कोनी राहाले गेला त अतिक्रमन."

म्हणजे घरं रिकामी ठेवायची, असं मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. जिल्हा परिषदेचा नियम उलटा होता. ताबा दिल्यावर घर वापरात नसेल, किंवा पाहणीच्या दिवशी ज्याच्या नावावर आहे तो माणूस हजर नसेल, तर घर रद्द होऊन यादीतल्या पुढच्या गावाला जातं. दोन्ही खात्यांची संयुक्त पाहणी गुरुवारी होती. एकाच दारात उभं राहून एका अधिकाऱ्याने घर राहतं आहे असं लिहायचं होतं आणि दुसऱ्याने आत माणूस नाही असं.

"असं घर कसं असेल?"

"जा न. पाहून या," चकोले म्हणाले. "त्याइनं बनवलं हाय तसं."

बपेऱ्यापर्यंत एसटी आणि पुढे भाड्याची सायकल. दोन्हीकडे कापून झालेल्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, मध्येमध्ये धानाचे रचलेले पुंजणे. पुढचं चाक बसलं तेव्हा गाव दीड कोस राहिलं होतं. सायकल हातात धरून मी बांधाच्या अरुंद धुऱ्यावरून चालत होतो आणि पाय घसरून बांधीतल्या ओल्या लाखोळीच्या पिकात बसलो. वहीची पहिली चार पानं भिजली. त्यामुळे सोमवारच्या नोंदी मी नंतर आठवून लिहिल्या आहेत; मंगळवारपासूनच्या जागच्या जागी केलेल्या आहेत.

टेकाड दिसलं तेव्हा सूर्य मावळत होता. दोन रांगा, बारा-बारा घरं, विटांच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर. प्रत्येक घरातून धूर निघत होता. वारा पडलेला होता; चोवीस धूर एकमेकांत न मिसळता सरळ वर जात होते. मला बरं वाटलं. पंक्चर काढायला कोणीतरी भेटेल असं वाटलं.

वर पोचलो. अंगणं सारवलेली होती, ओली. एका दारात जाळं वाळत होतं. आत चूल पेटलेली, चुलीवर गंजात पाणी उकळत होतं. मी हाक मारली. दुसऱ्या घराशी गेलो, तिसऱ्या. सगळीकडे चूल, गंज, उकळतं पाणी. कुत्रं भुंकलं नाही. भांड्याचा, खोकल्याचा, लेकराच्या रडण्याचा आवाज नव्हता. एवढ्या घरांत फक्त पाण्याचा बुडबुड आवाज येत होता आणि तो सगळीकडून सारखाच येत होता.

चोवीस दारांपैकी तेवीस उघडी होती. एकोणीस नंबरचं बंद होतं, बाहेरून कडी लावलेली. धूर त्यातूनही निघत होता.

मंगळवार, नदीकाठ

माणसं खाली नदीकाठी होती, जिथून चार वर्षांपूर्वी वाहून गेली होती तिथेच. बांबू आणि पळसाच्या पानांच्या झोपड्या. मला शाळेच्या पडवीत झोपायला जागा मिळाली.

डोमाजी हा टोलीतला सर्वांत म्हातारा. हातात सतत जाळ्याची सुई. त्याने माझ्या चिखलाच्या पँटकडे पाहिलं.

"पुन्यात बांध्या नसते का भाऊ?"

"नसतात."

"मंग बरोबर हाय. पह्यल्यांदा बसलेला मानूस असाच दिसते."

बायका हसल्या. त्यांतलीच एक मला सांगू लागली. रोज सकाळी आणि दिवस मावळताना बायका वर जातात. सारवतात, चूल पेटवतात, गंज ठेवतात आणि उंबऱ्याबाहेर येतात. पुरुष वर जात नाहीत. तिथे कोणी जेवत नाही, झोपत नाही. जिल्हा परिषदेचा माणूस कधीही आला तरी राख गरम सापडते. जंगल खात्याचा कधीही आला तरी आत कोणी सापडत नाही. वर्ष उलटून गेलं, एकदाही चुकलं नव्हतं.

"जागा दिल्लीची," डोमाजी म्हणाला, "भिती भंडाऱ्याच्या, कवेलू मुंबईचे. आमचा फकत धूर."

कोणी तिथे झोपत का नाही, एखादी रात्र तरी, असं मी विचारलं. डोमाजीने सुई थांबवली.

"पह्यले जंगलवाल्याइच्या भेवानं नाई झोपलो. आता थ्या घरायचंच भेव वाटते. वरीसभर आपलं आपलं राहून राहिली थे घरं."

दुपारी मरळ माशाचा रस्सा आणि भात. आपल्याकडे मासा म्हटलं की समुद्र. इथे समुद्र कोणी पाहिलेला नाही आणि मासा रोजचा आहे. काटे काढण्यात मी मागे पडलो तेव्हा डोमाजीच्या सुनेने न विचारता माझ्या ताटातला तुकडा उचलला, काटे काढले आणि परत ठेवला. नंतर कळलं की पाहुण्याचं तसं करतात.

संध्याकाळी मी टोलीमागच्या तलावावर गेलो. अंधार पडण्याआधी डोंगे, म्हणजे छोट्या होड्या, जाळी टाकायला आत गेले होते. काठावर डोमाजी उभा राहून एकेक नाव पुकारत होता आणि पाण्यावरून 'हाव' असं उत्तर येत होतं. कोण कुठे आहे हे काठाला कळावं म्हणून रोजची पद्धत. मी डोंगे मोजले. आठ. नावं मोजली. नऊ. सहावं नाव नथू गोमा. त्यालाही 'हाव' आलं. ते लव्हाळ्याच्या बाजूने आलं. तिथे मला डोंगा दिसला नाही.

नथू गोमा कोण, असं विचारल्यावर डोमाजीने सांगितलं. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात, चावी घेतल्यावर अडीच महिन्यांनी, तो नदीतलं जाळं सोडवायला उतरला आणि आला नाही. प्रेत मिळालं नाही.

"पान्यात गेलेल्याचं आंग भेटेपर्यंत नाव थांबवत नाई आमी. पुकारतो. कोनी तरी हाव म्हनते."

"आत्ता कोण म्हणालं?"

"थे इचारत नसते, भाऊ."

बुधवार, घर नंबर एकोणीस

एकोणीस नंबरचं घर नथूच्या नावावर होतं. त्याची बायको पार्बता, वय पस्तिशीच्या आसपास. घर तिच्या नावावर करायचं तर नथूच्या मृत्यूचा दाखला हवा. प्रेत नाही म्हणून दाखला नाही. सात वर्षं थांबावं लागेल असं तिला तहसिलात सांगितलं होतं. कागदावर नथू जिवंत होता आणि जिवंत माणसाने गुरुवारी हजर असायला हवं होतं. नाहीतर चोवीसांपैकी एक घर रद्द होणार होतं. ते कोणतं, हे टोलीत सगळ्यांना माहीत होतं.

सकाळी ती सारवायला निघाली तेव्हा मी बरोबर गेलो. तिने कडी काढली. खोली एकच. मागे दार नाही. एक खिडकी, तिला गज. भिंतीला खिळ्यावर कागद अडकवलेला: चावी मिळाल्याची पावती, खाली नथूची सही. टोलीतल्या तेवीस जणांनी अंगठे दिले होते. नथू चौथीपर्यंत शिकला होता. सही त्याचीच एकट्याची.

"बाकी दारं उघडी असतात. तुमचंच बंद का?"

"थो आत हाय म्हनून." मग माझ्याकडे पाहून ती म्हणाली, "असं म्हनावं लागते न. उघडं ठेवलं त कोनी बी पाहीन आत नाई म्हनून."

ती गुडघ्यांवर बसून सारवू लागली. चुलीपासून सुरुवात करून उलटी सरकत दाराकडे आली. मी दाराबाहेर उभा होतो. चुलीच्या बाजूला, कालच्या वाळलेल्या सारवणात, बोटाने काढलेल्या रेघा होत्या. आधी रांगोळी वाटली. मग वाचता आलं. नथू गोमा, नथू गोमा, नथू गोमा, सात-आठ वेळा. 'गो' चा काना दर वेळी खाली ओढलेला. भिंतीवरच्या सहीतही तो तसाच होता.

"हे तुम्ही लिहिलं?"

"मले लिवता येत नाई. पाहून पाहून काढतो." इकडे बायकाही 'मी काढतो', 'मी जातो' असंच बोलतात. "तेचा हात कसा फिरे थे ध्यानात राहाले पायजे. नाईतर इसरून जाईन."

तिने ओल्या शेणाचा हात त्यावरून फिरवला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, उद्या नाव पुकारतील तेव्हा तुम्ही काय सांगणार?

"मी कायले सांगू? नाव तेचं पुकारन."

"तो नसेल तर घर जाईल."

"मले मालूम हाय, भाऊ." तिने कडी लावली. "खाली पान्याजवर आता माह्यानं झोपनं होत नाई. पानी राती बोलते. हे घर गेलं त मले दुसरी जागा नाई."

आम्ही उतरू लागलो. अर्ध्या वाटेवर मी मागे पाहिलं. एकोणीस नंबरच्या कवेलूंतून धूर निघत होता. पार्बताने माझ्यासमोर सारवलं होतं. चूल पेटवताना मी तिला पाहिलं नाही. मी तसं म्हणालो.

"कालची आग ऱ्हायली असन," ती म्हणाली आणि मागे न पाहता चालत राहिली.

गुरुवार, पाहणी

साडेदहाला जीप आली. जिल्हा परिषदेचे ओव्हरसियर, जंगल खात्याचे वनपाल, पटवारी चकोले आणि ग्रामसेवक. दोघांकडे दोन तक्ते. ओव्हरसियरच्या तक्त्यात रकाना होता 'लाभार्थी हजर / गैरहजर'. वनपालाच्या तक्त्यात 'आत व्यक्ती आढळली / नाही'.

चाव्या वाटल्यापासून टोलीतले पुरुष त्या दिवशी पहिल्यांदा वर आले. प्रत्येकजण आपल्या दारासमोर, उंबऱ्याच्या बाहेर, हात बांधून उभा राहिला. बायका रांगेच्या टोकाला. प्रत्येक घरातून धूर.

पहिल्या घराशी ओव्हरसियरने चुलीवर हात धरला. "गरम आहे." मग नाव पुकारलं. डोमाजी म्हणाला, "हाव."

"इथे राहता ना?"

"घर राह्यते साहेब," डोमाजी म्हणाला.

वनपालाने आत वाकून पाहिलं. "आत कोनी नाई." दोघांनी आपापल्या रकान्यात लिहिलं. दोन्ही नोंदी खऱ्या होत्या. चकोल्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

अठरा घरं अशीच झाली. प्रत्येकी तीन-चार मिनिटं.

एकोणीस नंबरचं दार बंद होतं, बाहेरून कडी. पार्बता दारापासून तीन पावलांवर उभी होती, तोंड नदीकडे. ओव्हरसियरने यादी पाहिली.

"नथू गोमा मेश्राम."

मी मागच्या घराची नोंद पुरी करत होतो. वहीत पाहत होतो. उत्तर आलं, 'हाव'. पुरुषाचा आवाज. मोठा नाही. मी वर पाहिलं तेव्हा ओव्हरसियर आणि वनपाल दोघंही दाराकडे पाहत होते. माझ्या वहीत वेळ आहे ११.४०.

ओव्हरसियरने लिहिलं. मग वनपाल म्हणाला, "आतून आला न आवाज? बाहेरून कडी हाय."

कडी त्यानेच काढली. आत चूल पेटलेली होती. चुलीसमोर पाट, पाटापुढे ताट, ताटात भात. भातातून वाफ येत होती. कोणी नव्हतं. वनपालाने खिडकीचे गज हलवून पाहिले, खांबामागे पाहिलं, मग वर कवेलूंकडे. बाहेर येऊन त्याने तक्ता हातात घेतला.

"काय लिहिता?" ओव्हरसियरने विचारलं.

"तुमी हजर लिवलं. कडी बंद, आवाज आतून. म्या काय लिवू?"

"मी ऐकलं ते लिहिलं."

"मंग म्या बी."

वनपालाने 'आत व्यक्ती आढळली' वर खूण केली. तक्त्यावर ती खूण रकान्याच्या बाहेर गेलेली आहे. चोवीसांपैकी अशी खूण एकाच घराला झाली. उरलेली पाच घरं त्यांनी दारातून आत न पाहता उरकली.

नंतर मी प्रत्येकाला वेगळं विचारलं. ओव्हरसियर म्हणाले, आवाज आतून आला. वनपाल म्हणाला, आतून. ग्रामसेवक म्हणाले, आपण लक्ष दिलं नाही. चकोले म्हणाले, आवाज त्यांच्या पाठीमागून आला, उताराकडून. तिकडे कोणी उभं नव्हतं. तेवीस पुरुष आपापल्या दारासमोर होते. त्यांच्यापैकी कोणी बोलल्याचं कोणीही कबूल केलं नाही. डोमाजीला विचारायला गेलो तर त्यानेच मला विचारलं, "तुमाले कोठून आयकू आला?"

मी वही उघडली; तिथे फक्त वेळ होती.

पार्बता तेवढ्या वेळात जागची हलली नव्हती. जीप गेल्यावर ती आत गेली, ताट उचललं आणि भात टेकाडाच्या कडेला पाखरांना टाकला. भात कधी रांधला, असं मी विचारलं. "सकारी," ती म्हणाली. सकाळपासून पाहणीपर्यंत पाच तास झाले होते.

माझी सायकल दुरुस्त करून ठेवलेली होती. दुपारी निघालो.

मार्च, भंडारा

पुढच्या मार्चमध्ये नागपूरला काम निघालं, तेव्हा एक दिवस भंडाऱ्याला गेलो. दोन्ही कार्यालयांत कारकुनांनी कागद पाहू दिले.

दिल्लीचं उत्तर आलेलं नव्हतं. जिल्हा परिषदेच्या यादीत चोवीस घरं कायम होती. एकोणीस नंबरपुढे शेरा होता: 'लाभार्थी नथू गोमा मेश्राम, समक्ष हजर, घर वापरात.' एकही घर रद्द झालेलं नव्हतं.

जंगल खात्याच्या फायलीत एक अतिक्रमणाची नोटीस होती, नथू गोमा मेश्राम याच्या नावाची. ती फेब्रुवारीत घरी जाऊन बजावली होती. बजावणाऱ्याने पाठीमागे लिहिलं आहे की दार बंद होतं, आवाज दिल्यावर कागद दाराच्या फटीतून आत घेतला गेला आणि सही होऊन त्याच फटीतून परत आला. कडी आतून होती की बाहेरून, ते लिहिलेलं नाही.

पोचपावतीवर 'नथू गोमा' अशी सही आहे. 'गो' चा काना खाली ओढलेला आहे. कागदाच्या डाव्या कोपऱ्यात शेणाचा वाळलेला डाग आहे, बोटाच्या पेराएवढा.